मागील पानावरून पुढे चालू: विद्यापीठात हे वाक्य खोडायचं कसं?

तृणपाते

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेतेय. या सत्रात ऐच्छिक विषय म्हणून 'पर्यावरणीय शाश्वतता' घेतला. सोमवारी सकाळी त्याचा तास असतो आणि दुपारी त्याच वर्गात, त्याच बाकांवर गुंतवणूक मूल्यांकनाचा. सकाळी आम्ही शिकतो की पृथ्वीच्या सहनशक्तीला मर्यादा आहेत. दुपारी शिकतो की पुढच्या वर्षीची विक्री या वर्षीपेक्षा जास्तच धरायची. मध्ये फक्त जेवणाची सुट्टी.

परवा दुपारच्या तासाला एका तांब्याच्या खाणीचं उदाहरण होतं. खाण ४० वर्षं चालणार. बंद करताना दूषित पाणी आणि जमीन पूर्ववत करायला ५०० कोटी लागणार. १० टक्के दरानं आजच्या किमतीत आणल्यावर (म्हणजे आज १० टक्के व्याजानं किती ठेवले तर ४० वर्षांनी ५०० होतील) त्या ५०० कोटींचे झाले ११ कोटी. सगळी गोळाबेरीज करून प्रकल्पाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे येण्यातून देणं वजा करून आजच्या किमतीत जे उरतं ते, आलं अधिक ६२ कोटी. सरांनी ६२ भोवती गोल केला आणि लिहिलं, 'प्रकल्प स्वीकारावा'.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, ५०० चे ११ झाले हे कळलं. पण त्या पाण्यातलं आम्ल काही ४५ पटीनं कमी होणार नाही ना?"

सर चिडले नाहीत, ते चिडणाऱ्यांतले नाहीतच. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, पण तो तुमच्या सकाळच्या तासाचा आहे."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. सगळं चाललंय तसंच चालू ठेवायचं आणि त्यावर शंका घ्यायला आठवड्यातून एक तास वेगळा काढून द्यायचा, असं असेल तर त्या तासाचा उपयोग काय? मी वित्त सोडून पूर्णवेळ शाश्वततेची पदवी घ्यावी का? की इथेच राहून विचारत राहावं? आणि विचारायचं तर कसं? ज्यांनी हे शिकलंय, शिकवलंय किंवा या क्षेत्रात काम केलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

---

काजवा

वाखूसा (वाचनखूण साठवली). 'तो सकाळच्या तासाचा प्रश्न आहे', या एका वाक्यात दुखणं नेमकं सापडलंय.

---

आकडेमोड

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून लिहितो. तृणपाते, तुमचा प्रश्न शंभर टक्के दुपारच्या तासाचाच आहे.

भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढताना जो दर लावतात, त्यावर हवामानाच्या अर्थशास्त्रातलं मोठं भांडण उभं आहे. शंभर वर्षांनी होणारं १००० चं नुकसान घ्या. ५ टक्के दरानं ते आज फक्त ८ च्या आसपास भरतं. १.४ टक्के दर लावला की तेच होतं साधारण २४९. नुकसान तेच, वर्षं तीच, बदलला फक्त दर. अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या हवामानबदलावरच्या २००६ च्या अहवालात हा दर १.४ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणून अहवाल म्हणाला, आत्ताच मोठा खर्च करा. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातल्या व्याजाला धरून बराच वरचा दर घेतला, म्हणून त्यांचा सल्ला होता की हळूहळू वाढवत न्या. नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं, वाद मात्र मिटला नाही.

तरुण गणिती फ्रँक रॅमझी यानं १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की पुढच्या काळातलं सुख केवळ ते पुढचं आहे म्हणून कमी लेखणं नीतीला धरून नाही, ती कल्पनाशक्तीची दुर्बलता आहे. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पुढच्या पिढ्या आपल्यापेक्षा श्रीमंत असतील म्हणून थोडा दर लावा, असा युक्तिवाद करता येतो आणि तो टाकाऊ नाही. पण मग त्या श्रीमंत असतीलच हे गृहीतक फळ्यावर लिहा. लिहिलं की वर्गाला त्यावर बोलता येतं. १० टक्के हा आकडा आकाशातून पडल्यासारखा शिकवला, तर तो नैतिक निर्णय आहे हे कुणाला कळतच नाही.

---

सुकाणू

थोडं विरुद्ध बाजूनं लिहितो, राग मानू नका.

मी बावीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांचा एखादा गट भेटीला येतो आणि 'तुम्ही प्रदूषण का थांबवत नाही' असं विचारतो. मी उलट विचारतो, भट्टीत काय होतं ते सांगा. बहुतेकांना वाटतं, कोळसा जाळतात, तो बंद केला की झालं. भट्टीत साधारण १४५० अंशांना क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, तयार होतो. तिथवर जाताना चुनखडी फुटते, तिचा चुना होतो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. आमच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा हा दगडातून येतो, इंधनातून नाही. उद्या सगळी भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो वाटा तसाच राहणार.

जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. पण याच सिमेंटमधून दवाखाने, पूल, पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात. ज्याला तुम्ही 'चाललंय तसं चालू' म्हणता, त्यात कुणाचं तरी पहिलं पक्कं घरही असतं. शिवाय हे इशारे जुने आहेत. १९७२ मध्येच म्हणत होते की २००० सालापर्यंत तेल संपेल. संपलं का?

---

रानवाट

सुकाणूकाका, भट्टीचं तुम्ही सांगितलंत ते सोन्यासारखं आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो असं मला वाटतं. इंधन बदलून भागत नसेल, तर सिमेंट किती लागतं हाच प्रश्न विचारावा लागणार. पहिलं पक्कं घर कुणी अडवत नाही. पण रिकामी पडून राहणारी चौथी इमारत आणि ते पहिलं घर वाढीच्या आकड्यात सारखीच मोजली जातात, हे दुखणं आहे.

आणि 'कार्यक्षमता वाढली की आपोआप भागेल' असं कुणी म्हणायच्या आधीच सांगते: १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. काम स्वस्त झालं, मग ते जास्त ठिकाणी करून घेतलं गेलं. बचत झाली ती दर नगामागे, नग मात्र वाढत गेले.

---

जुनीवही

सुकाणू, १९७२ बद्दल एक दुरुस्ती. तुम्ही बहुधा एमआयटीच्या गटानं क्लब ऑफ रोम या विचारवंतांच्या मंडळासाठी केलेल्या 'लिमिट्स टू ग्रोथ' या अभ्यासाबद्दल बोलताय. '२००० पर्यंत तेल संपेल' असं भाकीत त्यात नाही. त्यांनी लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि न भरून येणारी संसाधनं यांचं एक संगणकी प्रारूप केलं आणि काही बदललं नाही तर रेषा कशा जातील ते पाहिलं. त्या 'काही बदललं नाही तर' धावेत वाढ थांबून घसरण लागते ती एकविसाव्या शतकात. म्हणजे परीक्षेचा पेपर अजून चालू आहे.

त्यांचं खरं म्हणणं तेल संपण्याचं नव्हतंच. ते उशिराबद्दल होतं. परिणाम उशिरा दिसतात, दिसल्यावर निर्णय उशिरा होतात, आणि निर्णयाचा परिणाम त्याहून उशिरा. तोवर गाडी मर्यादा ओलांडून पुढे गेलेली असते.

---

सुकाणू

दुरुस्ती मान्य. ऐकीव होतं, तपासलं नव्हतं.

---

पाणकणीस

उशिराबद्दल जुनीवही यांनी लिहिलं त्यावरून. मी मत्स्यविज्ञान शिकले. पहिल्याच वर्षी न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं प्रकरण होतं आणि ते अजून पाठ सोडत नाही.

कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर जवळपास पाचशे वर्षं कॉड पकडला गेला. १९८० च्या दशकात साठा किती उरलाय हे ठरवायला शास्त्रज्ञ ज्या आकड्यांवर बरेच विसंबले, त्यांतला एक होता मोठ्या ट्रॉलरना एका तासात किती मासा मिळतो हा. तो आकडा चांगला येत होता, म्हणून साठाही चांगला आहे असं धरलं गेलं. पण ट्रॉलरवरची यंत्रं दरवर्षी सुधारत होती आणि उरलेला मासा दाटीनं एकत्र राहत होता, म्हणून जिथे तो होता तिथे जाळं भरतच होतं. किनाऱ्याजवळ लहान होड्यांवर मासेमारी करणारे लोक सांगत होते की मासा लहान होत चाललाय, कमी होत चाललाय. त्यांचं सांगणं त्या गणितात शिरलंच नाही.

२ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम एका घोषणेत गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून सुरू झाली आणि पूर्णपणे उठली ती २०२४ मध्ये.

आमच्या बाईंनी त्या तासाला ट्रॉलरच्या आकड्यांचा आलेख दाखवला. रेषा छान वर जात होती. मग म्हणाल्या, "आता सांगा, या आलेखाकडे बघून तुम्ही मासेमारी थांबवली असती का?" वर्गात कुणीही हो म्हणालं नाही. मीही नाही.

तृणपाते, म्हणून सांगते. ज्या आकड्यावरून 'सगळं ठीक' ठरतं तो आकडा कुठून येतो, एवढं विचारत राहिलात तरी पुष्कळ आहे.

---

शब्दवेल्हाळ

अवांतर: 'शाश्वत' हा शब्द मला कायम खटकतो. शाश्वत म्हणजे सनातन, कधीच न संपणारं. 'शाश्वत विकास' म्हटलं की विकास अनंतकाळ चालणार असा अर्थ लागतो, म्हणजे मूळ मुद्द्याच्या बरोबर उलटा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या किती साधी आहे: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात. त्यात अनंत काही नाही. 'टिकाऊ' म्हणावं तर चपलेची जाहिरात वाटते.

---

काजवा

'पुरवठ्याचं' कसं वाटतं? घरात म्हणतातच, 'जरा पुरवून वापरा'. माझी आजी साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवायची, त्याला 'पुरवणं' म्हणायची. पुढच्यालाही पुरलं पाहिजे, हा अर्थ त्यात आपसूक आहे.

---

शब्दवेल्हाळ

'पुरवून वापरणं'! काय सुंदर. विद्यापीठाच्या फलकावर नाही शोभणार, पण व्याख्या म्हणून ब्रुंटलँडच्या तोडीस तोड आहे.

आणि 'मागील पानावरून पुढे चालू' हे शीर्षकही चपखल आहे. दर वर्षी पान बदलतं, वरची शिल्लक तशीच खाली येते, आणि मुळात ती शिल्लक कुठून आली हे कुणी उलटून बघत नाही.

---

मोजपट्टी

मी हवामान प्रारूपांवर काम करतो. एक काळजी घ्या असं सुचवतो. 'असंच चालू राहिलं तर' या नावाखाली बरीच वर्षं जे चित्र दाखवलं गेलं, ते आरसीपी ८.५ नावाचं सर्वांत जास्त उत्सर्जनाचं चित्र होतं. त्यात कोळशाचा वापर शतकभर प्रचंड वाढत जातो आणि शतकाअखेर तापमान औद्योगिकपूर्व काळाच्या मानानं ५ अंशांच्या आसपास वर जातं. २०२० मध्ये हाउसफादर आणि पीटर्स या दोघांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की हे चित्र आता सर्वाधिक शक्य भविष्य म्हणून वापरणं दिशाभूल करणारं आहे. तेव्हाची धोरणं धरली तर ३ अंशांच्या आसपासचं चित्र जास्त संभवत होतं.

३ अंश म्हणजे सुटलो, असं नाही. पॅरिस करारात १.५ वर थांबायचा प्रयत्न करू म्हटलंय, ३ अंश हे त्याच्या दुप्पट झालं. पण वर्गात प्रश्न विचारताना टोकाचं चित्र 'नेहमीचं' म्हणून मांडलंत, तर समोरचा तेवढी एक चूक पकडून बाकीचं सगळं झटकून टाकतो. माझ्या एका विद्यार्थिनीचं सादरीकरण असंच कोसळलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, आलेख चुकीचा होता. मी आधी बघायला हवा होता, बघितला नाही. त्याचं वाईट अजून वाटतं.

---

रानवाट

मोजपट्टी, पटलं. मीही तोच आलेख वापरत होते. बदलते.

---

उंबरठा

नोकरीच्या बाजूनं लिहिते, कारण तृणपातेनं पदवीबद्दल विचारलंय.

मी शाश्वततेचीच पूर्ण पदवी घेतली आणि एका सल्लागार कंपनीत लागले. काम काय? मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवायच्या. कंपनीचं उत्सर्जन तीन भागांत मोजतात: स्वतःच्या धुराड्यातलं, विकत घेतलेल्या विजेचं, आणि तिसऱ्यात बाकी सगळं, म्हणजे कच्चा माल, वाहतूक, ग्राहकानं केलेला वापर. बहुतेक कंपन्यांचा मोठा वाटा या तिसऱ्या भागात असतो आणि तोच सर्वांत कमी माहितीवर मोजला जातो.

एकदा एका पुरवठादाराची दोन वर्षांची उत्तरं शेजारी ठेवली. विजेचा वापर दोन्ही वर्षी युनिटच्या शेवटच्या अंकापर्यंत सारखा. मधल्या काळात त्यांनी एक अख्खी नवी शेड बांधली होती, छायाचित्र त्यांच्याच अहवालात होतं. मी फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "ताई, मला अशा अकरा कंपन्यांच्या प्रश्नावल्या भराव्या लागतात, एकट्याला. मागच्या वर्षीचं उतरवलं." त्याच्यावर रागावता येईना. आम्ही तो आकडा 'प्राप्त' म्हणून नोंदवला आणि अहवाल छापला गेला. मी वरिष्ठांना सांगितलं होतं. उत्तर मिळालं, वेळ नाही. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

मला कळलं ते एवढंच. शाश्वततेचा विभाग वेगळ्या मजल्यावर असतो आणि पैशाचे निर्णय वेगळ्या मजल्यावर होतात. मला आकडे मोजता येत होते, पण खर्चाच्या बैठकीत बसून बोलता येईल एवढं वित्त येत नव्हतं. म्हणून माझा सल्ला: तृणपाते, वित्त सोडू नकोस. ज्या खोलीत ६२ भोवती गोल होतो त्या खोलीत तू असायला हवीस.

---

सुकाणू

उंबरठा यांच्याशी पूर्ण सहमत. कारखान्यातही हेच. पर्यावरण अधिकारी बैठकीत असतो, पण यंत्रखरेदीच्या कागदावर त्याची सही लागत नाही.

एक चांगली गोष्टही सांगतो, नाहीतर वाटेल मी फक्त अडवायला आलोय. आमच्याकडे आता भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणायचं सिमेंट तपासतायत. एलसी३ म्हणतात त्याला. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. लोझान, क्यूबा आणि दिल्ली इथल्या विद्यापीठांतल्या लोकांनी मिळून ते उभं केलं. 'क्लिंकर एवढा लागतोच का' हा प्रश्न कुणीतरी सिमेंटच्या प्रयोगशाळेत उभं राहून विचारला, म्हणून ते झालं.

---

चौथीबाक

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक विचारू का, विद्यापीठ स्वतः काय करतं? आम्हाला पायऱ्या वापरा, दिवे बंद करा असं सांगतात. प्राध्यापक मात्र दर दोन महिन्यांनी परिषदेला विमानानं जातात.

---

आकडेमोड

चौथीबाक, रास्त प्रश्न आहे, आणि तो मला लागू पडतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१९ मध्ये याच विषयावर अभ्यास झाला. प्राध्यापकांचा विमानप्रवास आणि त्यांच्या संशोधनाचं यश यांत काही संबंध दिसला नाही. तो निबंध वाचल्यावर मी जवळच्या परिषदांना रेल्वेनं जायला लागलो आणि लांबच्या बऱ्याच नाकारल्या. कामात काही अडलं नाही.

पण दिवे आणि विमानं यांच्यापेक्षा मोठा प्रश्न विद्यापीठाचा पैसा कुठे गुंतवलाय हा आहे. २०१०-११ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तो विचारायला सुरुवात केली. २०१४ मध्ये ग्लासगो विद्यापीठानं जीवाश्म इंधनांतली गुंतवणूक काढायचं ठरवलं, युरोपातलं असं पहिलं. हार्वर्डनं बरीच वर्षं नाही म्हणून २०२१ मध्ये मान्य केलं. विद्यार्थी दर तीन-चार वर्षांनी बदलत होते, मागणी मात्र एका तुकडीनं दुसरीच्या हाती दिली.

---

खडूफळा

मी व्यवस्थापनच शिकवते, म्हणून तृणपातेच्या सरांची बाजू थोडी मांडते.

दुपारच्या तासाचा अभ्यासक्रम सरांनी ठरवलेला नसतो. पाठ्यपुस्तक ठरलेलं, परीक्षा सामाईक, आणि पुढच्या तासापर्यंत अमुक प्रकरण संपलंच पाहिजे. त्यात एखादीनं जन्माचा प्रश्न विचारला की 'तो सकाळचा' म्हणणं ही सुटका असते. मी स्वतः असं म्हटलंय. घरी जाताना अपराधी वाटतं, पण म्हटलंय.

शिवाय शाश्वततेचा विषय वेगळा काढला की बाकीच्या विभागांना मोकळं वाटतं. 'ते तिकडे शिकवतात ना.' आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी तो ऐच्छिक विषय सुरू झाला त्या दिवशी लेखाशास्त्राच्या सहकाऱ्यानं स्वतःच्या विषयातलं प्रदूषणाचं प्रकरण वगळलं. पुनरावृत्ती नको म्हणून!

काय चालतं ते सांगते. २०१२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं होतं. २००८ च्या आर्थिक संकटाबद्दल आम्हाला वर्गात काहीच का शिकवत नाही, हा त्यांचा सवाल. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत, काय शिकवायला हवं याचा अभ्यासक्रमच लिहून पुढे ठेवला. लिहिलेला कागद समोर आला की आम्हा शिक्षकांना समितीत तो पुढे सरकवता येतो. तोंडी प्रश्न तासाबरोबर संपतो. तृणपाते, तुमचा प्रश्न गणित करून, लिहून द्या. सर चिडणाऱ्यांतले नाहीत म्हणालात ना? मग ते वाचतील.

---

ताळेबंद

धागा उशिरा वाचला. लेखापरीक्षक आहे. खडूफळा यांनी 'गणित करून द्या' म्हटलंय, तर त्या गणिताला हत्यार देतो.

तृणपाते, तुमच्या उदाहरणात एक तांत्रिक चूकच आहे, आणि ती पर्यावरणाची नाही, वित्ताची आहे.

१० टक्के हा दर कशासाठी? खाणीचा धंदा बेभरवशाचा, म्हणून येणारा पैसा जास्त दरानं कापला. ठीक. धोका जास्त तर येणं कमी धरावं, हे शहाणपण झालं. पण तोच दर देण्याला लावला की काय होतं बघा. धोका जास्त म्हणून दर वाढवला आणि देणं लहान झालं! धंदा जितका धोक्याचा तितकी साफसफाई स्वस्त दिसायला लागली. याला कुठलाच सावकार हो म्हणणार नाही.

आंतरराष्ट्रीय लेखामानकांतलं ३७ क्रमांकाचं मानक अशा देण्यांची तरतूद कशी करायची ते सांगतं. त्यानुसार दर त्या देण्याच्या स्वतःच्या जोखमीला धरून हवा. प्रकल्पाला लावायचा दर उचलून तिथे चिकटवायचा नाही. उदाहरणादाखल ३ टक्के घ्या. ५०० कोटी, ४० वर्षं: आजची किंमत १५३ कोटी. तुमच्या सरांनी धरले ११. बाकी काहीही न बदलता ६२ मध्ये ते ११ परत मिळवा आणि १५३ वजा करा. उणे ८०.

शिवाय तरतूद एकदा मांडली की ती दर वर्षी वाढवत न्यावी लागते. पहिल्या वर्षी साडेचार कोटींच्या वर, आणि ती वाढ नफ्यातून खर्च म्हणून जाते. म्हणजे ते पाणी दर वर्षी ताळेबंदात दिसत राहतं. मागील पानावरून पुढे, पण या वेळी देण्याच्या बाजूला.

---

काजवा

ताळेबंद, दंडवत.

---

आकडेमोड

ताळेबंद यांनी मुद्दा नेमका पकडलाय. मी नीतीच्या बाजूनं गेलो होतो, तुम्ही वहीच्या नियमानं गेलात. वर्गात हे जास्त चालेल. उद्याच माझ्या तासाला घेतो.

---

तृणपाते

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण तेच करत होते.

ताळेबंद काकांचं गणित मी पुन्हा केलं आणि एक भर घातली. येणारा पैसा १० टक्क्यांनीच कापायचा, फक्त साफसफाईच्या खर्चाचा दर खाली आणत जायचं. साधारण ४.९ टक्क्यांवर प्रकल्प ना नफा ना तोटा होतो आणि त्याखाली प्रत्येक दराला तोट्यात. एका पानाचा तक्ता झाला. मोजपट्टी यांचं लक्षात ठेवून त्यात एकही मोठं वाक्य घातलं नाही. पृथ्वी, पिढ्या, काही नाही. वर फक्त लिहिलं: 'देण्याला कोणता दर लावावा?'

सरांना सोमवारी दुपारी तासानंतर दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. मग खुर्ची ओढून बसले, पेन काढलं आणि ११ ची ओळ स्वतः पुन्हा करून पाहिली. म्हणाले, "हे उदाहरण मी नऊ वर्षं शिकवतोय." थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या सोमवारी पहिली वीस मिनिटं तुमची."

काल ती वीस मिनिटं झाली. खरं तर पन्नास झाली. मी साफसफाईला १० टक्के दर लावलेला आणि ३ टक्के लावलेला असे दोन तक्ते शेजारी लावले आणि पाणकणीस यांच्या बाईंसारखं विचारलं, पहिला बघून तुम्ही काय ठरवलं असतं? मग वाद पेटला. एक म्हणाला, ३ टक्के तरी कशावरून? बरोबरच आहे, त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. एकीनं सांगितलं की नियम कडक केले तर खाण दुसरीकडे जाईल. सुकाणूकाका, तिथे तुमची आठवण आली, कारण तांबं तर सगळ्यांनाच लागणार आहे, विजेच्या तारांना आधी. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, त्यानं विचारलं, "पण चाळिसाव्या वर्षी ही कंपनी असेल का?"

सगळे गप्प. दर ३ टक्के असो की १०, देणारा उरलाच नाही तर दोन्ही तक्ते सारखेच. सरांनी मग अमेरिकेतल्या मालक नसलेल्या तेलविहिरींचं सांगितलं. कंपन्या बुडाल्या किंवा निघून गेल्या, विहिरी उघड्या राहिल्या, आणि २०२१ च्या कायद्यात त्या बुजवायला सरकारी तिजोरीतून ४७० कोटी डॉलर ठेवावे लागले. म्हणून काही ठिकाणी खाण सुरू करायच्या आधीच ठेव किंवा हमी भरून घेतात. ती किती असावी आणि ती कुणी मोजावी, हे आता आमच्या गटाचं पुढचं काम आहे. सर म्हणाले, सकाळच्या मॅडमनाही बोलवू.

वित्त सोडत नाहीये. ताळेबंद काका, त्या हमीबद्दल लिहाल का? बँकेची हमी आणि रोख ठेव यांत कंपनी बुडाल्यावर नेमका काय फरक पडतो, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

---

ताळेबंद

लिहितो की. रोख ठेव सरकारकडे आधीच जमा असते, तिचं कंपनीच्या दिवाळखोरीशी देणंघेणं नाही. बँकेची हमी म्हणजे बँकेनं दिलेला शब्द, आणि त्यालाही मुदत असते. खाण ४० वर्षं चालणार असेल आणि हमी दर वर्षी नव्यानं करायची असेल, तर बँक नेमकी कंपनी अडचणीत आल्यावरच नूतनीकरण नाकारते. म्हणून हमीच्या मसुद्यात पहिल्यांदा बघायचं कलम हे: नूतनीकरण झालं नाही, तर मुदत संपण्याआधी पूर्ण रक्कम आपोआप वसूल करता येते का? ते कलम नसेल तर बाकीची पानं वाचायच्या आधी तिथे लाल खूण करा. उद्या सविस्तर लिहितो.